कॉम्प्युटरचा मुख्य बोर्ड बदलला, तीन लायसन्स गेली. जुना बोर्ड दुकानात देऊन बसलोय

जेकार्डमास्तर_साखरपेठ
शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. सोलापुरात साखर पेठेत घरीच टॉवेल-चादरीची डिझाईन करून देतो. वडील ग्राफ पेपरवर चौकोन भरायचे, मीही सुरुवात तशीच केली. पुठ्ठ्याची कार्डं पंच करून आणायची, दोऱ्यानं त्यांची माळ बांधायची. इलेक्ट्रॉनिक जेकार्ड (मागावर नक्षी विणणारं यंत्र) आल्यापासून फाईल पेनड्राईव्हवर टाकून कारखान्यात नेऊन देतो. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की माझं पोट एका सॉफ्टवेअरवर आहे आणि ते बुधवारपासून उघडत नाही.

झालं असं. जुना डबा तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. २६८८ हुकांची (हुक म्हणजे मागावर दोरे उचलणारे) मोराची चादर उघडायला टाकली की चहा करून, पिऊन, कप विसळून यायचो तरी गोल फिरतंयच. त्यात विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि हा प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाही. दिवाळीत दोन पार्ट्यांचे अडकलेले पैसे आले, तसा हिय्या केला. बोर्ड, प्रोसेसर, १६ जीबी रॅम, नवीन एसएसडी. कॅबिनेट आणि मॉनिटर तेच ठेवले. जुना बोर्ड प्रोसेसरसकट दुकानदारानं ९०० रुपये कमी करून ठेवून घेतला. म्हटलं बरं झालं, घरातलं भंगार गेलं.

नवीन मशीनवर डिझाईनचं सॉफ्टवेअर टाकलं, त्याची की (लायसन्सचा नंबर) टाकली, तर म्हणतंय हे लायसन्स दुसऱ्या मशीनवर चालू आहे. दुसरं मशीन कुठलं आलं? कॅबिनेट तेच, टेबल तेच, माणूस तोच. विकणाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, जुन्या मशीनवरून आधी डीअॅक्टिव्हेट करा, नाहीतर नवीन लायसन्स घ्या, ४८,००० अधिक जीएसटी. मी म्हटलं जुनं मशीनच राहिलं नाही हो. तर म्हणे, "आमच्या सिस्टीममध्ये आहे की." तीन दिवस हेच चाललंय.

दुसरं टॅली. दत्त नगरात मेव्हण्याचे टॉवेलचे माग आहेत, त्याचा हिशोब आमच्या मिसेस बघतात. टॅली एज्युकेशनल (शिकाऊ, बिनलायसन्सच्या) मोडमध्ये उघडतंय. ऑक्टोबरची बिलं टाकायची राहिलीत आणि मंगळवारी ११ तारीख, जीएसटी रिटर्नची शेवटची.

तिसरं विंडोज. खाली कोपऱ्यात 'अॅक्टिव्हेट विंडोज' असं पुसट दिसतंय. कॅबिनेटवर विंडोज ७ चा स्टिकर आहे, त्यावरची की घातली, घेतली नाही.

जुनी हार्डडिस्क माझ्याकडंच आहे. कपाटात, चटणीच्या बरणीशेजारी. हसू नका, आमच्या घरात कुलपाची तेवढीच जागा आहे. फॉरमॅट केलेली नाही. त्यातून काही निघेल का? नांदेडच्या पार्टीची ऑर्डर अंगावर आहे, डोकं चालेना झालंय.


हिशोबवाली_विजापूररोड
शनिवार, रात्री १०:२५

मास्तर, आधी ११ तारखेचं बघा, मोर नंतर.

तिघांत टॅलीचं सोपं आहे. एक मात्र आत्ताच सांगते: एज्युकेशनल मोडमध्ये १, २ आणि ३१ याच तारखांच्या नोंदी होतात. घाईघाईत वहिनींना सगळी बिलं १ तारखेला टाकू देऊ नका. एका क्लायंटनं असंच केलं होतं, म्हणे नंतर तारखा बदलू. त्या 'नंतर'ला माझे दोन रविवार गेले.

एफ१ दाबून सेटिंगमध्ये लायसन्सकडे जा, तिथं रीअॅक्टिव्हेट आहे. नवीन अॅक्टिव्हेशन निवडू नका. सीरियल नंबर आणि नोंदवलेला ईमेल आयडी-पासवर्ड लागेल, मग अनलॉक की येते. नियमानं जुन्या मशीनवरून आधी सरेंडर करायचं असतं, म्हणजे लायसन्स परत जमा करायचं. पण मशीन बिघडलं, बदललं आणि सरेंडर राहून गेलं तरी रीअॅक्टिव्हेट करून घेता येतं. त्यांना माहीत आहे लोक विसरतात.

मेख ईमेलची असते. तो आयडी कुणाचा आहे ते बघा. दहातल्या सहा ठिकाणी तो कधीच सोडून गेलेल्या मुनीमाचा नाहीतर टॅली बसवून देणाऱ्या पोराचा निघतो. (दहातले सहा हा माझा अंदाज, मोजलेलं नाही.) डेटाचं फोल्डर जुन्या डिस्कवरून नुसतं कॉपी केलं तरी चालतं, त्याला लायसन्सशी देणंघेणं नाही.

आणि मेव्हण्यांचं रिटर्न डिजिटल सिग्नेचरनं जात असेल तर त्याला घाबरू नका. ती सही यूएसबी टोकनच्या आत असते, नवीन मशीनवर ड्रायव्हर आणि सही करायचं छोटं सॉफ्टवेअर टाकायचं. प्रोप्रायटरी फर्म असेल तर ओटीपीवरच भागतं.


जुना_पार्ट
शनिवार, रात्री ११:१०

होटगी रोडला माझं रिपेअरिंगचं टेबल आहे, रोज हेच बघतो. माणसाला वाटतं मशीन म्हणजे कॅबिनेट. लायसन्सला कॅबिनेट दिसतच नाही.

विंडोजच्या दृष्टीनं मशीन म्हणजे मुख्यतः बोर्ड. रॅम वाढवा, एसएसडी टाका, ग्राफिक कार्ड बदला, सहसा ते कुरकुरत नाही. बोर्ड बदलला की ओळख पुसली. आता तुमचं आधीचं लायसन्स कसलं होतं यावर सगळं आहे. कंपनीच्या तयार मशीनबरोबर आलेलं ओईएम असेल तर ते त्या बोर्डाबरोबरच गेलं, दुसऱ्यावर चढत नाही. रिटेल, म्हणजे सुटं विकत घेतलेलं असेल तर हलवता येतं. डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला आधी जोडून ठेवलेलं असेल तर सेटिंग, सिस्टीम, अॅक्टिव्हेशन, ट्रबलशूट, तिथं 'मी नुकतंच हार्डवेअर बदललं' असा पर्याय येतो, जुनं मशीन निवडायचं की झालं. २०१६ पासून ही सोय आहे. पण जोडणं आधी लागतं. बोर्ड काढल्यावर जोडतो म्हणाल तर कशाला जोडणार?

विंडोज ७ च्या स्टिकरचा नाद सोडा. त्या कीवर १० आणि ११ चालू व्हायचे, सप्टेंबर २०२३ पासून ते बंद आहे.

जुनं लायसन्स कुठल्या जातीचं ते बघायची कमांड आहे: एसएलएमजीआर, एक स्पेस, स्लॅश डीएलआय. (टाईप इंग्रजीत करा, मी मोबाईलवर मराठी कीबोर्ड बदलायचा कंटाळा करतोय.) पण ती जुन्या विंडोजमध्ये जाऊनच द्यावी लागेल.

तसंही विंडोजनं तुमचं काम अडत नाही. अॅक्टिव्हेट नसलं तर वॉलपेपर, रंग बदलता येत नाहीत आणि कोपऱ्यातली अक्षरं जात नाहीत, बाकी चालतं. डिझाईनच्या सॉफ्टवेअरचं मात्र मुळाशी जावं लागेल. ही छोटी सॉफ्टवेअरं बोर्डाचा नंबर, लॅनचा मॅक नंबर (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर), हार्डडिस्कचा सीरियल असं दोन-तीन गोष्टींचं मिश्रण करून मशीन कोड बनवतात. तुमच्याकडे डिस्क आहे. लॅन बोर्डावरच असतं. म्हणजे बोर्ड मिळाला की सगळं मिळालं.

तेव्हा एकच प्रश्न: तो बोर्ड आज कुठं आहे? उद्या रविवार असला तरी दुकानदाराला गाठा. तिसऱ्या पिढीचे चालू बोर्ड दुकानात पडून राहत नाहीत, लगेच कुणाच्या तरी डब्यात जातात.


बिनधास्त_४१३००१
शनिवार, रात्री ११:४०

काय ओ मास्तर, एवढ्यासाठी बोर्ड शोधत फिरणार का बे. क्रॅक टाका, लायसन्सच लागत नाही, दहा मिनिटांचं काम. लिंक देऊ का?


जेकार्डमास्तर_साखरपेठ
रविवार, सकाळी ७:१५

नको बाबा. २०१७ ला टाकला होता, दुसऱ्या एका सॉफ्टवेअरचा. डिझाईन नीट दिसायची, सेव्ह पण व्हायची. कारखान्यात फाईल मागावर लावली तर शेवटचे ३२ हुक गायब. एका बाजूची किनार कोरी. सहा डझन टॉवेल विणून झाल्यावर जॉबरचं (मागांवरच्या मुकादमाचं) लक्ष गेलं. ते टॉवेल अजून आमच्या घरात गाड्या पुसायला आहेत.

हिशोबवाली ताई, तुमचा अंदाज खरा निघाला. ईमेल भाच्याचा होता. तो पुण्यात, रविवारी सकाळी सातला उचलणार नाही म्हणून थांबलोय.


फ्लेक्स_अशोकचौक
रविवार, सकाळी ११:०५

मास्तर, तुमचं तरी सॉफ्टवेअरचं कुलूप आहे. माझ्याकडं लग्नपत्रिकेच्या मराठी फॉन्टचं २००४ चं पॅकेज होतं, त्याचं कुलूप म्हणजे प्रिंटर पोर्टला लावायचा डोंगल. त्या डोंगलच्या मागं प्रिंटरची वायर. नवीन मशीन आणलं तर मागं तसला रुंद पोर्टच नाही! यूएसबीचा कन्व्हर्टर आणला २५० रुपयांना. त्याच्यावर प्रिंटर चालतो, डोंगल दिसत नाही, कारण तो कन्व्हर्टर फक्त प्रिंटरशी बोलायला शिकलेला असतो. मग कुणीतरी सांगितलं की काही बोर्डांवर आत पिना असतात, मागं पट्टी लावून पोर्ट बाहेर काढता येतो. माझ्या बोर्डावर निघाल्या. पट्टी लावली, डोंगल लावला, आणि विंडोज ११ नं त्याचा ड्रायव्हरच घेतला नाही. इतका जुना ड्रायव्हर ६४ बिटवर चालत नाही.

शेवटी काय, जुना डबा तसाच ठेवलाय, विंडोज एक्सपीसकट. इंटरनेट काढून टाकलंय. लग्नसराईत चालू करतो, तुळशीच्या लग्नापासून. घरचे म्हणतात भंगारात घाला. मी म्हणतो आधी मला घाला.


जेकार्डमास्तर_साखरपेठ
रविवार, संध्याकाळी ६:३०

दोन बातम्या.

टॅली झालं. भाचा साडेदहाला उठला, त्यानं पासवर्ड बदलून दिला, अनलॉक की त्याच्याच मेलवर आली, ती त्यानं फोनवर वाचून दाखवली. मिसेसनं तीनदा 'बी का डी' विचारलं. शेवटी तो 'डमरूचा डी' म्हणाला तेव्हा चालू झालं. आता बिलं टाकतायत, मी स्वयंपाकघरात आहे.

बोर्ड विकला गेला. दुकानदार म्हणाला शुक्रवारीच एका झेरॉक्सवाल्याच्या मशीनमध्ये बसवला. पत्ता देईना. म्हटलं मी बोर्ड परत मागत नाही, अर्धा तास बसायला मागतोय. तासभर त्याच्या दुकानात बसून राहिलो तेव्हा म्हणाला, पार्क चौकाच्या अलीकडं गल्लीत बघा. गेलो. रविवार, शटर बंद. शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं उद्या नऊला उघडतो.

जुना_पार्ट, आता नेमकं काय करू सांगा. एकच संधी मिळेल असं वाटतंय.


जुना_पार्ट
रविवार, रात्री ८:००

ऐका. त्याच्या डिस्कला हात लावायचा नाही. तिची साटा केबल आणि पॉवर काढून बाजूला ठेवा, त्याच जागी तुमची लावा. म्हणजे त्याचं काही बिघडलं असं म्हणायला जागा उरत नाही.

चालू केल्यावर निळा पडदा आला तर घाबरू नका, बायोसमध्ये (बोर्डाची आतली सेटिंग) साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, बघा. तुमच्या वेळी एएचसीआय असेल आणि दुकानात कुणी आयडीई केला असेल तर तुमचं विंडोज उठणार नाही. बदला, काम झाल्यावर परत होता तसा करून या. आधी मोबाईलवर फोटो काढा म्हणजे काय होतं ते आठवेल.

सगळ्यात महत्त्वाचं: इंटरनेट लॅनच्या वायरनंच घ्या. मोबाईल यूएसबीनं जोडून नेट दिलंत तर विंडोजला तो आणखी एक नेटवर्क कार्ड वाटतो, आणि सॉफ्टवेअरनं त्याचाच मॅक नंबर उचलला तर मशीन कोड वेगळा येईल. मग ते म्हणणार हे मशीन आमच्या ओळखीचं नाही. बोर्ड तोच, डिस्क तीच, आणि डाव फोननं उधळला असं होईल.

तिथं असताना ती डीएलआयची कमांड पण देऊन घ्या. आणि घरी येऊन नवीन मशीनवर लायसन्स घेताना पण फोन, वायफायचा डोंगल, सगळं काढून ठेवा. त्या क्षणी जे जोडलेलं असेल त्यालाच ते धरून बसतं.


जेकार्डमास्तर_साखरपेठ
सोमवार, रात्री १०:४५

झालं. सविस्तर लिहितो, कारण एक गोष्ट तुम्ही कुणीच सांगितली नव्हती.

नऊला गेलो तर दुकानासमोर रांग. कुठल्या तरी भरतीचे फॉर्म आहेत. झेरॉक्सवाले मामा म्हणाले दुपारी दोनला या, गिऱ्हाईक नसतं. दोनला गेलो, एक टॉवेल घेऊन. माझ्याच डिझाईनचा, जाड, चांगल्या वजनाचा. मामांनी टॉवेल हातात घेऊन उलटा करून बघितला. सोलापूरचा माणूस टॉवेल आधी उलटाच करतो.

डबा उघडला. आत माझा बोर्ड. पंख्याच्या एका पिनेला मी २०१९ ला लाल दोरा बांधला होता, तो तसाच. त्यांची डिस्क काढली, माझी लावली. निळा पडदा आला नाही. विंडोज उठलं, माझा जुना वॉलपेपर आला. वायर त्यांच्या राऊटरची. सॉफ्टवेअर उघडलं, उघडलं! हेल्पमध्ये जाऊन डीअॅक्टिव्हेट दाबलं, तर म्हणतंय सर्व्हरशी संपर्क होत नाही. नेट तर चालू. ब्राऊझर उघडला तर एकही साईट उघडेना, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणे. दहा मिनिटं मी आणि मामा राऊटर बंद-चालू करत बसलो.

मग मामाच म्हणाले, "तारीख बदलली का?" खाली बघतो तर १ जानेवारी २०१२. बोर्डावरचा सेल संपलाय. मामा तीन दिवस रोज सकाळी हातानं तारीख घालतायत, पावतीवर चुकीची येते म्हणून. त्यांना वाटलं मशीनची पद्धतच तशी आहे. तारीख चुकीची असली की सुरक्षित साईटचं सर्टिफिकेट मशीनला पटत नाही आणि लायसन्सचा सर्व्हरही त्याच रस्त्यानं जातो, हे मला घरी आल्यावर कळलं. १० नोव्हेंबर २०२५ घातली, पुन्हा दाबलं, दोन सेकंदात 'यशस्वीरीत्या डीअॅक्टिव्हेट झाले'. ४८,००० रुपये दोन सेकंदात वाचले. शेजारच्या दुकानातून नवीन सेल आणून मामांना घालून दिला, ४० रुपये.

घरी आलो, फोन दुसऱ्या खोलीत ठेवला, की टाकली, चालू. नांदेडचा मोर सव्वापाचला उघडला. किती वेळ लागला विचारू नका, चहा ठेवायला उठायला पण मिळालं नाही. आता चहा प्यायचा कधी, हा नवीन प्रश्न.

आणि ती कमांड दिली होती. उत्तर आलं व्हॉल्यूम, खालची आडवी रेघ, के, एम, एस, क्लायंट. हे काय असतं?


जुना_पार्ट
सोमवार, रात्री ११:२०

हाहा. मास्तर, त्या खालच्या रेघेला अंडरस्कोर म्हणतात. ते मोठ्या कंपन्यांसाठीचं लायसन्स असतं. त्यांच्या ऑफिसात एक सर्व्हर असतो, मशीननं त्याला अधूनमधून हजेरी द्यायची, एका हजेरीवर १८० दिवस चालतं. साखर पेठेत तुमच्या घरी असला सर्व्हर नाही ना? मग कुणीतरी स्क्रिप्ट टाकून खोटी हजेरी लावून दिली होती. जुनं विंडोज कितीला टाकलं होतं?


जेकार्डमास्तर_साखरपेठ
सोमवार, रात्री ११:३५

७०० रुपये, 'ओरिजिनल' म्हणून. दुसऱ्या दुकानात, कुठल्या ते सांगत नाही, ते आता नाहीत. म्हणजे मी बिनधास्तला क्रॅकवरून शिकवत होतो आणि सात वर्षं त्याच्यावरच बसलो होतो.


बिनधास्त_४१३००१
सोमवार, रात्री ११:३७

😂 मी काही बोललो का बे?


जुना_पार्ट
सोमवार, रात्री ११:५०

आता घेताना रिटेल घ्या, आणि घेतल्या दिवशीच अकाउंटला जोडा. ऑनलाईन चार-पाचशेला मिळणाऱ्या कीच्या मागं लागू नका. त्या बहुतेक कुठल्या तरी कंपनीच्या व्हॉल्यूममधल्या नाहीतर ओईएमच्या असतात, आज चालतात, उद्या ब्लॉक. अजून एक, विंडोज ११ मध्ये डिस्कचं एन्क्रिप्शन (डेटाचं कुलूप) चालू आहे का ते बघून घ्या. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. पुढं कधी बोर्ड गेला तर डिस्क उघडताना तीच मागेल, आणि तेव्हा कुठल्याच झेरॉक्सच्या दुकानात मिळणार नाही.


हिशोबवाली_विजापूररोड
मंगळवार, सायंकाळी ५:१०

मास्तर, ११ चं गेलं का?


जेकार्डमास्तर_साखरपेठ
मंगळवार, सायंकाळी ५:४०

गेलं ताई, दुपारी चारला. मिसेस झोपल्यात. ४८ आकडे लिहिलेला कागद चटणीच्या बरणीखाली ठेवलाय.